घरफोडी झालीये, पोलिसांची टीम येतेय: तोवर काय करायचं आणि आल्यावर ते नेमकं काय करतात

कडीकोयंडा उचकटलेला दिसला की माणूस पहिलं काय करतो, तर आत पळतो. थेट कपाटाकडे. कपड्यांचा ढीग पलंगावर, लॉकरचं दार लोंबतंय, मग तो लॉकरमध्ये हात घालून चाचपतो, बायको देवघरातला डबा उघडून बघते, शेजारचे चारपाच जण "काय झालं, काय झालं" करत आत येतात, कोणीतरी फ्रीजमधून पाण्याची बाटली काढतं, आणि एक कोणतरी (हा माणूस हमखास असतोच) काचा पायाला लागतील म्हणून झाडू मारायला घेतो. पोलीस यायच्या आत अर्धा पुरावा सुपलीत.

हे मी इतक्या वेळा बघितलंय की शेवटी लिहायला बसलो. मी पोलीस नाही. तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि रोलच्या जमान्यात ठाण्याकडे स्वतःचा फोटोग्राफर नसायचा तेव्हा हवालदार येऊन सांगायचे, "चला, पंचनाम्याचे फोटो काढायचेत." कधीकधी कॅमेऱ्यात लग्नाचा अर्धा रोल शिल्लक असायचा, त्यावरच पुढे घरफोडीचे फोटो. कोर्टात निगेटिव्ह दाखवायची वेळ आली तेव्हा अंतरपाट आणि फोडलेलं कपाट एकाच पट्टीवर, वकीलसाहेबांनी मला त्यावरून पाऊण तास पिदवलं. तर ठसेवाले, कुत्रेवाले, फॉरेन्सिकवाले, पंच या सगळ्यांच्या मागे ट्रायपॉड घेऊन उभं राहून जे शिकलो ते सांगतो. घरफोडीचंच उदाहरण धरून, कारण खून-दरोडा आपल्या दारात क्वचित, घरफोडी मात्र दर सुट्टीत कोणाच्या ना कोणाच्या घरी.

टीम यायच्या आधी

आत जाऊ नका. दार उघडं दिसलं तर बाहेरच थांबा, एकतर चोर अजून आत असू शकतो, आणि तो घाबरलेला असला तर जास्त वाईट. ११२ ला फोन लावा, पत्ता नीट सांगा, खूण सांगा, कोणी जखमी आहे का ते सांगा.

आधीच आत जाऊन आला असाल तर होतं असं, कोणाचंही होतं. ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं बाहेर या आणि कशाकशाला हात लावला ते आठवून ठेवा, मोबाईलमध्ये टाईप करून ठेवलंत तर उत्तम. आणि हे टीमला सांगताना लाजू नका. लोक लपवतात, "नाही साहेब, आम्ही काहीच हलवलं नाही" म्हणतात, आणि मग ठसेवाला बिचारा तासभर घासून जो सुंदर ठसा काढतो तो निघतो मेव्हण्याचा.

एका माणसाला फाटकावर उभं करा, शक्यतो ज्याचं गल्लीत ऐकतात असा. शेजाऱ्यांची सहानुभूती अंगणाच्या बाहेर चालेल, आत नको. अंगणात मातीत चपलेचा उमटा दिसला आणि पाऊस येईल असं वाटत असेल तर त्यावर घमेलं नाहीतर टोप पालथा घालून ठेवा, अलगद, उमट्याला न टेकता. या एका घमेल्यामुळे पुढे खूप काही वाचतं, खरंच सांगतो.

काय करायचं नाही ते सांगतो. झाडू नको, फिनेल नको, पंखा लावू नका (धूळ, केस, कागदाचे कपटे सगळं उडतं), संडासात फ्लश करू नका, चहा टाकू नका. चोर पुष्कळदा घरात खातात-पितात, फ्रीजमधलं श्रीखंड चाटून गेलेले मी बघितलेत, तेव्हा ओट्यावरचा ग्लास, बाटली, अर्धवट केळं, बिडीचं थोटूक हे सगळं तुमच्यासाठी खरकटं आणि त्यांच्यासाठी पुरावा. घरात कुत्रं-मांजर असेल तर शेजारी नेऊन बांधा. तुटलेलं कुलूप अंगणात पडलं असेल तर उचलून खिशात घालू नका. आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, प्लीज. कुठलं कपाट फोडलं, कशानं फोडलं, काय घेतलं काय सोडलं ही माहिती फक्त चोराला आणि पोलिसांना असणं तपासात कामाला येतं, ती संध्याकाळपर्यंत तीन गावांत फिरली की तिचा उपयोग संपला.

बाहेर उभं राहून करण्यासारखं एकच तातडीचं काम, कपाटात एटीएम कार्डं, चेकबुक होतं का आठवा आणि बँकेला फोन करून बंद करा.

कोण कोण येतं

आधी येतात जवळच्या ठाण्याचे. ११२ ची गाडी किंवा बीटचे अंमलदार. त्यांचं खरं काम म्हणजे आत कोणी नाही ना बघणं, कोणी जखमी असेल तर त्याला आधी दवाखान्यात पाठवणं (इथे पुराव्याची पर्वा करत नाहीत, करूही नये), आणि मग सगळ्यांना बाहेर काढून जागा अडवणं. मग तपासी अंमलदार. बाकीची मंडळी म्हणजे अंगुलीमुद्रावाले, ज्यांना सगळे ठसेवालेच म्हणतात, श्वानपथक आणि फॉरेन्सिकची गाडी, ही बहुतेक करून जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार. तालुक्याला दोनतीन तास सहज लागतात, त्यात रात्रीच्या दोनचार घरफोड्या एकदम असतील तर दुपार. "पोलीस आले आणि नुसते उभेत, काहीच करत नाहीत" अशी ओरड होते ती याच वेळेत. ते उभे आहेत हेच काम आहे, टीम येईपर्यंत जागा जशीच्या तशी राखणं.

कायद्याचं थोडं सांगतो, बोअर आहे पण उपयोगी पडतं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७६ मध्ये असं आहे की ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे तिथे फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं, पुरावा गोळा करायचा आणि त्याचं मोबाईल किंवा दुसऱ्या उपकरणावर व्हिडिओ शूटिंग करायचं. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीये, त्यामुळे सगळीकडे एकसारखं दिसत नाही. राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि रात्री घर फोडून चोरी असेल तर ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत जाते. म्हणजे तुमची घरफोडी या नियमात बसते. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंच आहे, यादीवर पंचांच्या सह्या होतात तेही त्यात आलं. म्हणून एखादा अंमलदार मोबाईल धरून सगळं शूट करत फिरताना दिसला तर तो रील बनवत नाहीये, ई-साक्ष्य नावाचं ॲप आहे, त्यात ते टाकतात.

कुत्रा आधी

टीममध्ये क्रम असतो. वास सगळ्यात आधी मरतो म्हणून कुत्र्याला शक्यतो पहिल्यांदा आत सोडतात. त्याचा हँडलर त्याला चोरानं हाताळलेल्या वस्तूचा वास देतो, कटावणी टाकून गेला असेल तर ती, नाहीतर उचकटलेल्या कपड्यांपैकी काहीतरी, आणि मग कुत्रा निघतो. पेपरात पुढचं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, "श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग काढत जाऊन तिथेच घुटमळले." लोक हसतात यावर. पण घुटमळला म्हणजे तिथून चोर गाडीत बसला असणार, आणि मग पोलीस त्या जागेच्या आसपासचे कॅमेरे आधी बघतात, म्हणजे फुकट काहीच गेलं नाही. कोर्टात मात्र नुसत्या कुत्र्याच्या मागाला फारसं वजन नाही, सुप्रीम कोर्टानंही त्याला दुबळा पुरावाच मानलंय, कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही ना. ते तपासाला दिशा द्यायला आहे.

तुम्ही फिनेल टाकलं असेल तर कुत्रा दारातच शिंकून परत येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फोटो, माझा प्रांत

कोणतीही वस्तू हलवायच्या आधी फोटो. हा नियम मोडला की पुढचं सगळं लंगडं. आणि फोटो तीन प्रकारचे लागतात, लांबून, मधून, जवळून. लांबून म्हणजे घर रस्त्यावरून कसं दिसतं, दार कुठल्या बाजूला, मग खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, असे की एका फोटोतली वस्तू दुसऱ्या फोटोतही थोडी यावी, म्हणजे खोली डोक्यात जोडता येते. मधला फोटो नात्याचा, म्हणजे कटावणी कपाटापासून किती लांब पडलीये ते एकाच फ्रेममध्ये दिसलं पाहिजे. जवळचा फोटो दोनदा काढायचा, एकदा जसं आहे तसं, एकदा शेजारी पट्टी आणि नंबराचं कार्ड ठेवून. दोनदा का, तर वकील विचारतो, "पट्टीखाली काय झाकलं होतं?" विचारलंय मला.

चपलेच्या उमट्याचा फोटो घेताना कॅमेरा बरोबर डोक्यावर, काटकोनात, पट्टी उमट्याच्या पातळीला. तिरका फोटो काढला तर नऊ नंबरची चप्पल सात नंबरची दिसते आणि मग तो फोटो जुळवायला कुचकामी. उजेड मात्र तिरका, बॅटरी जमिनीला जवळजवळ टेकवून एका बाजूनं मारायची. ही युक्ती घरी करून बघा, रात्री लाईट घालवून फरशीवर बॅटरी आडवी ठेवा, स्वच्छ पुसलेल्या फरशीवरही दिवसभराचे पाय दिसतील. नवीन पोरं समोरून फ्लॅश मारतात, त्यानं सगळं सपाट होतं.

फोटोत माणसं नकोत. सगळ्यात अवघड काम हेच. मालक, भाऊ, सरपंच, एखादा हौशी कार्यकर्ता, सगळ्यांना फ्रेममध्ये यायचं असतं.

बरोबरीनं कच्चा नकाशा काढतात, कागदावर, टेपनं मापं घेऊन. दोन पक्क्या जागांपासून माप घ्यायचं, म्हणजे दाराची चौकट आणि खोलीचा कोपरा, खुर्चीपासून मोजून उपयोग नाही कारण खुर्ची उद्या हलणार. उत्तर दिशेचा बाण काढायचा विसरला तर तो नकाशा अर्धाच.

ठसे

इथे लोकांच्या डोक्यात सिरियल असते. पावडर मारली, ठसा दिसला, कॉम्प्युटरवर फोटो झरझर पळाले, चोर सापडला. होतं का असं? होतं कधीकधी, पण मधे बरंच घाम गाळणं आहे.

बोटाच्या रेषांवर घामाची छिद्रं असतात, त्या घामात बहुतेक पाणीच, थोडे क्षार आणि अमिनो आम्लं, शिवाय चेहरा-केसांना हात लावून आलेलं तेल. गुळगुळीत जागेला हात लागला की त्याची नक्षी तिथे बसते, डोळ्यांना दिसत नाही. काच, स्टीलचा डबा, सनमायका, गुळगुळीत रंगाचं कपाट, टाइल, तिथे पावडर चालते. गडद जागेवर फिकी पावडर, फिक्या जागेवर काळी, आणि ब्रश इतका मऊ की नुसता फिरवल्यासारखा. ठसा दिसला की आधी पट्टी ठेवून फोटो, मग पारदर्शक टेपनं उचलून कार्डावर चिकटवायचा, कार्डावर कुठून उचलला, वर कुठली बाजू, तारीख, वेळ, सही. खडबडीत भिंत, विणलेलं कापड, बिनपॉलिशचं लाकूड, इथे आशा कमी. कागदावर घाम शोषला जातो त्यामुळे तिथे पावडर नको, निनहायड्रिन नावाचं रसायन लावतात, ते अमिनो आम्लाशी जांभळा रंग देतं, म्हणून चोरानं चाळलेली कागदपत्रं ते पाकिटात घालून घेऊन जातात आणि तुमची घरपट्टीची पावती जांभळी होऊन परत येऊ शकते. प्लॅस्टिकच्या वस्तूला बंद पेटीत फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ देतात, ठसा पांढरा उमटतो. हे सायनोॲक्रिलेटचं काम, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादूच वाटली.

ठसेवाला हुशार असेल तर तो आधी चोरासारखा चालतो. खिडकीतून आत यायचं तर हात कुठे टेकेल? गज वाकवताना दुसरा हात कुठे? ड्रॉवर उघडताना अंगठा वर आणि बोटं खाली, म्हणून ड्रॉवरच्या खालच्या बाजूला बघायचं. ट्यूब काढली असेल तर ट्यूबवर. नवशिके दाराच्या हँडलवर तासभर घालवतात, जिथे घरातल्या सहा जणांचे ठसे एकावर एक बसून चिखल झालेला असतो.

मग घरातल्यांचे ठसे घेतात. यावर लोक भडकतात, "आमचे कशाला, आम्ही काय चोर?" अहो, वजा करायला. कामवाल्या मावशी, दूधवाला आत येत असेल तर तो, सगळ्यांचे. माझेसुद्धा एकदा द्यावे लागले, कपाटाच्या आरशावर माझा अंगठा सापडला होता, फोटोत माझंच प्रतिबिंब येत होतं म्हणून मी आरसा जरा फिरवला होता. त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या बॅगेत हातमोजे.

उरलेला परका ठसा अँबिस सिस्टीमला लावतात, महाराष्ट्र पोलिसांची आहे, त्यात बोटं, तळवा, चेहरा, डोळ्याची बुबुळं असा साठा असतो, आणि देशपातळीवर नाफिस आहे. चोर आधी कधी पकडला गेला असेल तर मशीन काही जवळची नावं पुढे करतं आणि मग माणूस, म्हणजे तज्ज्ञ, भिंगातून रेषा मोजून ठरवतो. मशीन शेवटचा शब्द देत नाही. ठसा किती दिवसांचा हेही खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून प्लंबर गेल्या महिन्यात आला होता हे तुम्ही सांगितलं नाहीत तर बिचारा प्लंबर अडकतो. बाय द वे, जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो लंडनला नाही, १८९७ साली कलकत्त्याला निघालं, आणि त्या वर्गीकरणामागचं डोकं चालवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे आपलेच दोघं, नाव मात्र बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री साहेबाचं झालं.

उमटे, हत्यार, काचा, थुंकी

मातीतल्या चपलेच्या उमट्याचा साचा घेतात. पूर्वी प्लास्टर ऑफ पॅरिस, आता डेंटल स्टोन, दातांचे डॉक्टर वापरतात ते, जास्त कडक आणि बारीक रेघ धरणारं. भज्याच्या पिठाइतपत सैल करून उमट्याच्या कडेला ओतायचं आणि आपोआप आत वाहू द्यायचं, वरून धबकन ओतलं तर नक्षी मोडते. अर्धा तास थांबायचं, मग उचलायचं, आणि चिकटलेली माती तिथे झाडायची नाही, तीही पुरावा.

कोयंड्यावर कटावणीचे ओरखडे असतात. प्रत्येक कटावणीच्या टोकाला वापरून वापरून स्वतःचे दाते पडलेले असतात, ते धातूवर रेघा उठवतात. म्हणून तुटलेलं कुलूप, कापलेला कोयंडा आणि शक्य असेल तर चौकटीचा तो तुकडाच कापून नेतात. संशयिताकडे कटावणी सापडली की अतिउत्साहात ती त्या खाचेत बसवून बघणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा, त्यानं खाच बिघडते आणि बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा. तुमच्या बाजूनं एवढंच, सुताराला बोलावून घाईघाईत दार दुरुस्त करून जुना कोयंडा भंगारात देऊ नका.

काच फुटली असेल तर तुकड्यांच्या कडांवरच्या रेघांवरून धक्का आतून बसला की बाहेरून ते तज्ज्ञ सांगू शकतात. यावरून खोट्या घरफोड्या पकडल्या गेल्यात, कर्ज झालं म्हणून स्वतःच काच फोडून बायकोचं सोनं विकणारे असतात. आणि काच फोडताना बारीक कण फोडणाऱ्याच्या अंगावरही उडतात, शर्टाच्या घड्यांत बसतात. फ्रान्समधल्या लिऑनचे एडमंड लोकार्ड यांचं तत्त्व हेच, दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की प्रत्येक दुसरीचं काहीतरी घेऊन जाते.

फुटक्या काचेवर रक्त असेल, गुटख्याची पिचकारी असेल, थोटूक असेल तर त्यातून डीएनए मिळू शकतो. वाळलेला डाग डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीवर घेतात, शेजारच्या स्वच्छ जागेची दुसरी काडी तुलनेला, दोन्ही सावलीत सुकवून कागदी पाकिटात. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नाही, ओल कोंडली की बुरशी येते आणि सगळं सडतं. एका ठाण्यात रक्ताचा शर्ट किराणा दुकानाच्या कॅरीबॅगमध्ये गाठ मारून ठेवलेला बघितलाय, पंधरा दिवसांनी उघडला तेव्हा वासानं कारकून बाहेर पळाला.

प्रत्येक पाकिटावर गुन्ह्याचा नंबर, वस्तू, जागा, तारीख, पंचांच्या सह्यांचं लेबल आणि लाखेचं सील. मग ते मुद्देमाल कारकुनाकडे नोंदवून पुढे प्रयोगशाळेत. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिनाला, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर वगैरे ठिकाणी विभागीय. पोलीस अजून त्याला "सीए ला पाठवलं" म्हणतात, केमिकल ॲनालायझरच्या काळापासूनची सवय. पाकीट कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं याची साखळी अखंड पाहिजे, मधला एक दिवस कोणाकडे होतं ते सांगता आलं नाही तर आतला पुरावा कितीही भारी असो, कोर्टात डळमळतो.

पंचनामा, आणि पंच झालात तर

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोन पंच लागतात, शक्यतो त्याच भागातले, प्रतिष्ठित, ज्यांचा फिर्यादीशी किंवा पोलिसांशी संबंध नाही असे. सगळे गल्लीतून गायब होतात त्या वेळी. तुम्हाला बोलावलं तर जा, पण डोळे उघडे ठेवून.

पंचनाम्यात सुरू केल्याची वेळ, पंचांची नावं, वय, धंदा, मग घराची चतुःसीमा, पूर्वेस काय पश्चिमेस काय, मग बाहेरून आत, दार कुठल्या दिशेला, कोयंडा कुठल्या बाजूला आणि कसा तुटलाय, पहिल्या खोलीत काय, दुसऱ्या खोलीत काय, कुठून काय जप्त केलं, शेवटी संपल्याची वेळ. हे सगळं तुमच्या समोर झालं पाहिजे. मी असे पंच बघितलेत की बाहेर ओट्यावर चहा पितात आणि नंतर आत बोलावून सही करतात. चार वर्षांनी समन्स येतं, वकील विचारतो, "कपाट कुठल्या भिंतीला होतं?", आणि पंच छताकडे बघतो. मग फितूर म्हणून शिक्का, खरं तर तो फितूर नसतो, त्यानं बघितलेलंच नसतं.

म्हणून पंच असाल तर स्वतः आत जा, प्रत्येक वस्तू सील होताना बघा, लिहिलेलं पूर्ण वाचा किंवा वाचून घ्या, चूक वाटली तर तिथेच सांगा, खाडाखोडीजवळ सही करा, प्रत्येक पानावर सही, आणि कोऱ्या कागदावर कितीही ओळखीच्या साहेबांनी सांगितलं तरी सही नाही. तारीख आणि थोडा तपशील घरच्या डायरीत लिहून ठेवा.

कॅमेरा

शेजाऱ्याच्या सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागा कारण डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवीन चढवतो, कुठे महिना तर कुठे आठवडासुद्धा नाही. पण स्क्रीनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवला म्हणजे झालं असं नाही. मूळ डीव्हीआर किंवा त्यातून नीट काढलेली कॉपी, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा कोड) आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस भरून घेतात. तुम्ही एक काम करा, डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एका फ्रेममध्ये फोटो काढा. बहुतेक डीव्हीआर दहावीस मिनिटं मागंपुढं असतात आणि त्या फरकावर आरोपीचा "मी तेव्हा दुसरीकडे होतो" टिकतो किंवा पडतो.

टीम गेल्यावर

गेलेल्या मालाची यादी शांतपणे करा. घाईत फिर्यादीत दोनच अंगठ्या लिहिल्या आणि आठ दिवसांनी नथ आठवली तर पुरवणी जबाब देता येतो, द्या. वजन ग्रॅममध्ये लिहा, आपण तोळ्यात बोलतो, आणि हल्लीचा तोळा १० ग्रॅमचा तर आजीच्या वेळचा ११.६६ चा, यातून पाच तोळ्यांच्या पाटल्यांत आठ ग्रॅमचा घोळ होतो. पावत्या नसतील तर लग्नाचे अल्बम काढा. अक्षरशः माझ्याकडे जुन्या लग्नांच्या प्रिंट मागायला लोक येतात, कारण मंगळसूत्राच्या वाट्या, बांगडीची नक्षी फोटोत दिसते आणि सोनाराकडे माल सापडला तर ओळख पटवायला तेच कामाला येतं. आकडा फुगवू मात्र नका, चोराकडे तीस ग्रॅम सापडले आणि तुम्ही शंभर लिहिलेत तर संशय तुमच्यावरच.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. फोनवरून किंवा ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि ९० दिवसांत तपास कुठवर आला हे तुम्हाला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला बिचकू नका. माल सापडला तर कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर ताब्यात घेता येतो, खटला संपायची वाट बघायची गरज नाही, पण तोवर विकायचा नाही, आटवायचा नाही, कारण कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करावा लागतो.

घर कधी आवरायचं ते तपासी अंमलदाराला विचारा, परवानगी मिळाली की मगच. आणि ती काळी पावडर. बायका वैतागतात त्या पावडरीनं, ओलं फडकं मारलं की सगळी भिंत काळी होते. आधी कोरडी, मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढायची, मग भांड्याच्या साबणाचं थोडंसं पाणी घेऊन पुसायचं. पांढऱ्या ऑइलपेंटवर तरीही थोडी छटा राहते. आमच्या गल्लीत एका कपाटावर ती अजून आहे, चोर पकडला, पाटल्या परत आल्या, कपाट मात्र काकूंनी रंगवू दिलं नाही.